रुपयामागे एक पैसा : हिंगण्याच्या आश्रमाचा जमाखर्च

गटाच्या बैठकीत हिशोबाची वही उघडली की निम्म्या बायांना जांभई येते, हे मला ठाऊक आहे. तरीही आज मी हिशोबावरच बोलणार आहे. हिशोब आपल्या गटाचा नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे.

आपल्याला शाळेत महर्षी कर्व्यांचा धडा असायचा. त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे महिला विद्यापीठ काढलं, १०४ वर्षं जगले, भारतरत्न मिळालं. धडा तिथे संपायचा. आश्रमात रोज किती भाकऱ्या लागत, पीठ कुठून येई आणि वाण्याचे पैसे कोण भागवी, हे धड्यात नसायचं. माझा बी.ए.ला इतिहास होता, तिथेही नव्हतं. पण संस्था काढणं आणि संस्था चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढायला जिद्द लागते. चालवायला दर महिन्याच्या एक तारखेला पैसे लागतात.

आजच हा विषय का, तेही सांगते. आपल्या प्रभागातल्या गटांचं जे केंद्र आहे, त्याला प्रकल्पातून येणारे पैसे आता थांबले आहेत. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. गटांकडून घ्यायचं सेवाशुल्क वाढवायचं की नाही, हे तिथे ठरायचं आहे. काही गट म्हणतात, आम्ही का द्यायचं? काही म्हणतात, एखादा मोठा दाता शोधा. दोन्ही म्हणणी जुनीच आहेत. आपल्या आधीच्या बायांनी त्यातून कशी वाट काढली, ते सभेला जाण्याआधी ऐकून घ्या.

आधी थोडं मागे जाऊ. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे आणखी शाळा निघाल्या. त्यांना गोऱ्या साहेबांच्या देणग्या होत्या आणि थोडी सरकारी मदतही होती. १८५७ चा उठाव झाला आणि देणग्या आटल्या, सरकारनेही हात आखडता घेतला. व्यवस्थापनात मतभेद होतेच. १८५८ पर्यंत त्या शाळा बंद पडल्या. शिकवणाऱ्या बाईची हिंमत कमी पडली नव्हती. अंगावर शेण झेलून ती शाळेत जात होती. कमी पडले ते पैसे, आणि तेही कुठल्या तरी लांबच्या लढाईमुळे.

शाळा बंद पडल्या त्याच १८५८ सालच्या एप्रिल महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने, दोन मुलं जन्मली. १८ तारखेला धोंडो केशव कर्वे, कोकणात. २३ तारखेला रमाबाई डोंगरे, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई. दोघांनीही पुढे विधवांसाठी घरं उभी केली, पण दोघांची पैशाची वाट अगदी वेगळी होती. तो फरक मला फार शिकण्यासारखा वाटतो.

रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात त्यांच्या मदतीसाठी एक मंडळ स्थापन झालं. ठिकठिकाणी बायकांचे गट तयार झाले. एकेका सदस्याने वर्षाला एक डॉलर द्यायचा, असं दहा वर्षं. म्हणजे बचत गटासारखंच म्हणा ना, फक्त बचत तिकडे आणि खर्च इकडे! त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं.

या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, देवरुखकडची. हे नाव लक्षात ठेवा.

दहा वर्षांचं वचन म्हणजे मोठा आधार. रमाबाईंना रोज दारोदार फिरावं लागलं नाही, मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष देता आलं. पण पैसा जिथून येतो तिथे माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि संस्था जिथे असते तिथल्या लोकांनाही उत्तर द्यावं लागतं. सदनात कुठल्याही धर्माची सक्ती नसेल असं ठरलं होतं. तरी रमाबाई स्वतः ख्रिस्ती, आणि त्यांच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून पुण्यात गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आता बघा, बोस्टनचे पैसे येतच होते, त्यामुळे सदन बंद पडलं नाही. पण पुण्यातल्या लोकांचा त्यात एक पैसा गुंतलेला नव्हता. सोडून जाताना त्यांचं काहीच बुडत नव्हतं.

रमाबाईंच्या दूरदृष्टीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दहा वर्षं कधी तरी संपणार, हे त्या विसरल्या नव्हत्या. मुदत संपण्याआधीच त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहीर खोदली, फळझाडं लावली. फळांच्या उत्पन्नावर सदनाचा काही खर्च निघावा, हा विचार. १८९८ साली बोस्टनची मुदत संपली, तोवर केडगावला मुक्ती सदन उभं राहायला लागलं होतं. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या बायका आणि मुली त्यांनी तिथे आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छपाई, सगळं त्या करत. परदेशी मदत पुढेही येत राहिली, पण पायाखाली जमीन स्वतःची होती. अनुदान चालू असतानाच पुढची तजवीज करणारी संस्था आजही शंभरात एखादीच सापडेल.

आता गोदूबाईंकडे येऊ. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंचं कर्व्यांशी लग्न झालं. कर्व्यांची पहिली बायको वारली होती. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. तारीख पाहिलीत? शारदा सदन सुरू झालं त्याला बरोबर चार वर्षं झाली होती. गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, लोक त्यांना बाया म्हणत. मुरुडच्या गावकऱ्यांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला.

कर्व्यांकडे बोस्टन नव्हतं. पण त्यांना एक सवय होती. मुंबईत शिकवण्या करून पोट भरत होते तेव्हापासून ते मिळकतीतल्या रुपयामागे एक पैसा बाजूला काढत. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते. म्हणजे चौसष्टावा हिस्सा सत्कार्यासाठी. ऐकायला काहीच नाही. पण आपल्या गटातली एखादी बाई दर बैठकीला न चुकता पैसे टाकते आणि दुसरी दिवाळीला एकदम पाचशे आणते, यात गट कोणाच्या जिवावर चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गावासाठी त्यांनी मुरुड फंडही जमवला होता, तोही अशाच थेंबाथेंबाने.

१८९१ पासून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. तिथल्या आजीव सेवकांचा पगार महिना ७५ रुपये. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला तो स्वतःची साठवण घालून आणि लोकांकडे हात पसरून.

इथे त्यांनी एक फार विचारपूर्वक गोष्ट केली. विधवाविवाहाचं काम करणारं मंडळ त्यांनी आधीच काढलं होतं. आश्रम काढताना ते काम आश्रमापासून वेगळं ठेवलं. आश्रमात विधवांना शिकवायचं, पायावर उभं करायचं. लग्न लावून द्यायचं नाही, धर्माची ढवळाढवळ करायची नाही. शारदा सदनाचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. जुन्या वळणाच्या घरांनी मुलगी पाठवायची आणि वर्गणीही द्यायची, तर त्यांना भरवसा हवा. स्वतः विधवेशी लग्न केलेला माणूस असं करतो म्हणून काही सुधारक नाराजही झाले.

या भरवशाची किंमतही होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात आश्रमात घेतल्या जात त्या ब्राह्मण विधवाच. वर्गणी देणारा वर्ग तोच, त्यामुळे दार उघडलं तेही त्यांच्याचसाठी. आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींना त्या दारातून आत जाता आलं नसतं. कर्व्यांबद्दल मला आदर आहे, पण हा भाग वगळून त्यांची गोष्ट सांगणं मला पटत नाही. पैसा कोण देतं यावर आत कोण येतं हे ठरतं. तेव्हाही ठरायचं, आजही ठरतं. आपल्या केंद्राला उद्या एखादा दाता म्हणाला की अमुकच गावांत काम करा, तमुक वस्ती सोडा, तर आपण काय म्हणणार?

पुण्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा आश्रम शहराबाहेर हलवायची वेळ आली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि वर साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली. तोच आश्रम. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवत आणि संध्याकाळी काही मैल चालत हिंगण्याला जात. ना रस्ता धड, ना दिवा. चालताना खिशात कधी वर्गणीचे पैसे असत, कधी आश्रमाचं सामान हातात. ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. आता त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि चहूबाजूंनी इमारती झाल्या आहेत. पुण्याला सहल काढलीत तर जरूर पाहा. आपल्या गावातलं गोठ्याचं छप्पर त्याहून मोठं असेल.

जमीन मिळाली, झोपडी झाली. पण देणगीदाराचा एक स्वभाव असतो. त्याला भिंत दिसते, पाटी दिसते. चूल दिसत नाही. इमारतीला पैसे देणारे भेटतात. रोजच्या धान्याला, शिकवणाऱ्याच्या पगाराला द्या म्हटलं की लोक घड्याळाकडे बघतात. आपल्या केंद्रातही संगणक देणगीत आला, पण त्याच्यावर काम करणाऱ्या ताईंचं मानधन कोणी देणगीत दिलं नाही. आश्रमाने हा रोजचा खर्च कसा भागवला? ज्यांना परवडे त्या मुलींच्या घरून पैसे घेतले जात, ज्यांना परवडत नसे त्यांना फुकट ठेवलं जाई. बाकीचं वर्गणीतून. दरवर्षी अहवाल छापला जाई आणि जमाखर्च लोकांसमोर ठेवला जाई. काम करणारे पोटापुरतं घेऊन राबत. पुढे अशा कार्यकर्त्यांसाठी कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला. जमाखर्चाच्या वहीत ही सगळ्यात मोठी देणगी कुठेच लिहिलेली नसते. कमी पैशात जो राबतो, त्याने न घेतलेला पगार.

कर्व्यांच्या घरातही तेच होतं. नवऱ्याच्या पगारातला वाटा आश्रमाला गेला की उरलेल्यात संसार कोणी ओढायचा? बायांनी. त्यांनी पुढे ‘माझे पुराण’ या नावाने आपली हकिगत लिहिली. महर्षी हे बिरुद एकाला मिळालं, काटकसर दोघांनी केली.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या बाईंकडे येते. पार्वतीबाई आठवले. बायांची सख्खी बहीण. १८७० चा जन्म. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. त्या पुण्याला बहिणीकडे आल्या, मोठ्या वयात शिकल्या, आश्रमाच्या अधीक्षक झाल्या. आणि मग त्या आश्रमासाठी वर्गणी मागायला बाहेर पडल्या. तो काळ डोळ्यांसमोर आणा. विधवेचं तोंड बघणं अपशकुन. शुभकार्यात तिने पुढे यायचं नाही. अशी बाई परक्या गावी उतरते, लोकांना जमवते, उभी राहून बोलते आणि पैसे मागते. बरीच वर्षं त्या केशवपन केलेल्या, जुन्या वेषातच होत्या. पुढे त्यांनी ते सोडलं.

कर्वे आश्रमाबद्दल सांगत तेव्हा लोक ऐकत. पार्वतीबाई सांगत तेव्हा लोकांना आश्रम समोर उभा दिसे, कारण त्या स्वतःच त्याचा हिशोब होत्या. तुमच्या पैशाचं काय झालं? ही मी. लिहायला शिकले, संस्था सांभाळते, तुमच्यापुढे बोलते. यापेक्षा चांगला ताळेबंद कुठला सनदी लेखापाल करून देणार!

१९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी मदत गोळा करायची, हा बेत. ओळख नाही, भाषा नाही, हातात पैसा नाही. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकामाला राहून दिवस काढले, भांडी घासली, आणि बोलता यायला लागल्यावर संस्थेबद्दल सांगितलं. १९२० साली परत आल्या. त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली आहे. वाचनालयात मिळाली तर गटात मोठ्याने वाचा.

इकडे आश्रमाला फांद्या फुटत होत्या. १९०७ साली महिला विद्यालय निघालं. १९१४ साली कर्वे कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठच काढलं, तेही सरकारी मान्यता नसताना. मुठीएवढ्या विद्यार्थिनी आणि वर्गणी देणारे लोक, एवढंच भांडवल. खर्च मात्र विद्यापीठाचा.

मग १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. पैसा मोजत चालवलेल्या संस्थेपुढे पंधरा लाख! रक्कम एकदम हातात आली नाही. साडेतीन टक्क्यांनी व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये मिळायचे. अटीही होत्या. विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं आणि पुढे मुख्य ठिकाण मुंबईला न्यायचं. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, एस.एन.डी.टी. १९३६ साली मुख्यालय मुंबईला गेलं. सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, ती १९४९ साली मिळाली.

ही देणगी घ्यायला नको होती, असं मी अजिबात म्हणणार नाही. हजारो मुली त्यातून शिकल्या. एका मुलाने आईच्या नावाने बायकांच्या शिक्षणाला पैसे दिले, यात वाईट काय? पण जी गोष्ट हिंगण्याच्या माळावर वाढली, तिचं नाव आणि पत्ता दोन्ही बदलले, हेही खरं. सर विठ्ठलदास देणगी दिल्यावर दोनच वर्षांनी, १९२२ साली वारले. मोठ्या दात्याबाबत हाही धोका असतो. ज्याने शब्द दिला तो माणूस कायम राहत नाही, कागद राहतो. म्हणून कागद नीट वाचून घ्यावा.

मला विशेष वाटतं ते हिंगण्याचं. विद्यापीठ मोठं झालं, मुंबईला गेलं, तरी आश्रम जिथल्या तिथे राहिला. त्याची जमीन स्वतःची होती, वर्गणीदार स्वतःचे होते, फी येत होती. पुढे तो हिंगणे स्त्री शिक्षण संस्था झाला आणि आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून चालतो आहे. आता तिथे सगळ्या जातींच्या मुली शिकतात.

आणि कर्वे? पंधरा लाखांची देणगी पाहिलेला हा माणूस १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढायच्या म्हणून पुन्हा वर्गणी मागायला निघाला. त्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि सुरुवात केली ती स्वतःच्या निवृत्तिवेतनातून दरमहा थोडी रक्कम काढून. मुंबईच्या शिकवण्यांच्या दिवसांतली तीच सवय.

तर वार्षिक सभेला येताना प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी मागच्या तीन वर्षांचा आपल्या गटाचा ताळेबंद आणायचा आहे. केंद्राचाही तीन वर्षांचा जमाखर्च मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावणार आहोत. प्रकल्पाचे किती आले, गटांचे किती आले, मानधनावर किती गेले, प्रवासावर किती गेले, सगळं आकड्यांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून दाखवू. सेवाशुल्क किती असावं ते आकडे पाहून बोला. आणि ज्या वस्तीवरच्या गटांना ते परवडणार नाही, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मी विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घातला आहे.